कर्करोगाचे नवे संशोधन आणि आपले कर्तव्य

(रुग्णालयाच्या वार्षिक दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक दिनी संस्थेने आपल्या कामाचा जमाखर्च मांडावा, असा प्रघात आहे. रुपयांचा जमाखर्च या अहवालात अन्यत्र दिलेलाच आहे. आज आम्ही एक निराळा हिशेब आपल्यापुढे ठेवू इच्छितो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कर्करोगाविषयी जे संशोधन झाले, त्यातून आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाच्या आणि तेथे येणाऱ्या रुग्णाच्या पदरात नेमके काय पडले, हा तो हिशेब.

संशोधन म्हटले की परदेशातील प्रयोगशाळा आणि कोट्यवधींची यंत्रे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. तेही संशोधन मोलाचेच आहे. परंतु आज आम्ही ज्या अभ्यासांविषयी बोलणार आहोत, त्यांतील बहुतेक आपल्याच मातीत झाले. कोणी धाराशिवच्या खेड्यांत, कोणी मुंबईच्या झोपडवस्त्यांत, कोणी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात. त्यांतील रुग्ण आपल्यासारखेच मराठी बोलणारे, एस.टी.ने येणारे, घरची सोय लावून मगच दवाखान्याची पायरी चढणारे होते. म्हणूनच त्यांची उत्तरे आपल्याला अधिक उपयोगी आहेत.

प्रश्नाचा आवाका प्रथम ध्यानी घ्यावा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख व्यक्ती या रोगाने दगावल्या. पुरुषांत तोंडाचा आणि स्त्रियांत स्तनाचा कर्करोग आघाडीवर आहे. स्त्रियांत त्याखालोखाल गर्भाशयमुखाचा. यांतील तोंड आणि स्तन ही ठिकाणे डोळ्यांना दिसणारी, हातांना लागणारी आहेत. गर्भाशयमुखही साध्या तपासणीत पाहता येते. असे असूनही यांतील कितीतरी रुग्ण रोग बळावल्यावरच आमच्यापर्यंत पोहोचतात. सारी अडचण येथेच आहे, आणि आशाही येथेच.

पुरावा कशाला म्हणावे?

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक वाटतो. एखाद्या रुग्णाने अमुक औषध घेतले आणि तो बरा झाला, म्हणून ते औषध गुणकारी, असे आपण सहज म्हणतो. पावसाआधी बेडूक ओरडतात. म्हणून बेडकांनी पाऊस आणला, असे मात्र कोणी म्हणत नाही. उपचाराचा खरा गुण पाहायचा असेल, तर सारख्याच स्थितीतील बरेच रुग्ण घ्यावे लागतात, चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट करावे लागतात आणि एका गटाला नवा उपचार व दुसऱ्याला प्रचलित उपचार देऊन वर्षानुवर्षे दोहोंवर लक्ष ठेवावे लागते. वैद्याच्या मनाचा कल आणि रुग्णाची आर्थिक स्थिती यांचा प्रभाव निकालावर पडू नये, म्हणून ही चिठ्ठी. हे काम संथ, कष्टाचे आणि पुष्कळदा निराशेचे असते. पण त्याला पर्याय नाही. ‘शंभर टक्के बरा करू’ अशी जाहिरात करणाऱ्यांकडे असा पुरावा कधीच नसतो. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच बंदी घातलेली आहे, हे या ओघात सांगून ठेवतो.

निदान : वेळेचे मोल

पहिला अभ्यास मराठवाड्यातला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. खेड्यापाड्यांतील रुग्णांची नोंद ठेवणे हे काम बाहेरून कारकुनी वाटते. पण त्या नोंदींमुळेच आपल्या ग्रामीण स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग किती आहे आणि तो किती उशिरा ध्यानात येतो, हे कळले. पुढे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचे हे रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठा अभ्यास हाती घेतला. गावांचे ५२ समूह आणि त्यांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, असा त्याचा पसारा होता.

या गावांचे चार गट केले गेले. एका गटातील स्त्रियांची एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी झाली. दुसऱ्या गटात पेशींची काचपट्टीवरील तपासणी, म्हणजे पॅप तपासणी झाली. तिसऱ्या गटात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे जवळजवळ आपल्या स्वयंपाकघरातील व्हिनेगर, लावून पांढरे चट्टे पाहिले गेले. चौथ्या गटाला त्या काळच्या रीतीप्रमाणे केवळ माहिती दिली गेली. तपासणी एकदाच झाली आणि पुढे आठ वर्षे सर्वांवर लक्ष ठेवले गेले. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. केवळ माहिती दिलेल्या गटात बळावलेल्या अवस्थेतील कर्करोगाचे ८२ रुग्ण आढळले, तर विषाणू-तपासणीच्या गटात ३९. मृत्यू अनुक्रमे ६४ आणि ३४. दोन्ही गटांतील स्त्रियांची संख्या तीस-पस्तीस हजारांच्या घरात, जवळपास सारखी होती. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले! उरलेल्या दोन पद्धतींनी, त्या एकदाच वापरल्या असता, असा लक्षणीय फरक पडला नाही.

मग व्हिनेगरची पद्धत निरुपयोगी म्हणावी काय? याचे उत्तर मुंबईने दिले. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. तेथे तपासणी करणाऱ्या भगिनी डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे हे काम सोपविले होते. फरक एवढाच, की येथे तपासणी दर दोन वर्षांनी अशी चार वेळा झाली. २०१३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे साधी पद्धतही उपयोगी पडते, मात्र तिच्यात सातत्य हवे. एकदा शिबिर भरवावे, छायाचित्रे काढावी आणि पुन्हा त्या गावाकडे फिरकू नये, याला या संशोधनात कोठेही आधार नाही.

याच मुंबईच्या अभ्यासात स्तनांची हाताने तपासणीही केली जात होती. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासणीच्या गटात रोग तुलनेने लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूत घट दिसली नाही. सर्व वयांचा एकत्र विचार करता १५ टक्के घट दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर निश्चित ठरली नाही. हे सारे जसे आहे तसेच सांगितले पाहिजे. तरीही जेथे मॅमोग्राफीचे यंत्र आणि ते वाचणारा तज्ज्ञ दोन्ही दुर्मीळ आहेत, तेथे प्रशिक्षित हात किती मोलाचे आहेत, हे यातून स्पष्ट होते.

तोंडाच्या कर्करोगाबाबत केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्याने वाट दाखविली. सुमारे १ लाख ९२ हजार व्यक्तींच्या त्या अभ्यासात आरोग्यसेवक घरोघरी जाऊन उजेडात तोंड उघडून पाहत. २००५ साली आलेल्या निष्कर्षात तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये या रोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. तंबाखू मळून दाढेखाली ठेवणारे, मिश्री लावणाऱ्या आयाबहिणी आणि गुटख्याच्या पुड्या तोंडात रिकाम्या करणारी तरुण मुले आपल्याही अवतीभोवती आहेत. तोंडातील न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे ही लक्षणे तीन आठवड्यांपेक्षा अधिक टिकली, तर ती दाखवलीच पाहिजेत.

‘अंगावर काढणे’ हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार आपल्या घरातील स्त्रियांनी जणू व्रतासारखा पाळला आहे. गाठ दुखत नाही, म्हणून ती निरुपद्रवी मानली जाते. वस्तुतः कर्करोगाची गाठ आरंभी पुष्कळदा दुखतच नाही. पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त गेले, तरी ते ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिले जाते. तुकडा काढून तपासायला पाठवू म्हटले, की ‘सुई लावली म्हणजे रोग पसरतो’ अशी भीती पुढे येते. योग्य रीतीने केलेल्या सुईच्या वा तुकड्याच्या तपासणीने रोग फोफावत नाही. तपासणी टाळण्यात गेलेल्या महिन्यांनी मात्र तो निश्चित फोफावतो.

त्या स्त्रियांचे ऋण

येथे एका गोष्टीचा उल्लेख टाळणे आम्हांला योग्य वाटत नाही. ज्या गटांतील स्त्रियांची तपासणी झाली नाही, त्यांच्याबाबत पुढे देशात आणि परदेशातही गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले. ज्या रोगाची पूर्वतपासणी इतर देशांत रूढ होती, त्याच रोगासाठी हजारो स्त्रियांना नुसती माहिती देऊन थांबणे उचित होते काय, असा प्रश्न विचारला गेला. संशोधकांचे उत्तर असे, की त्या काळी या स्त्रियांसाठी देशात कोणतीही तपासणी उपलब्ध नव्हती, आणि साध्या पद्धतीचा गुण सिद्ध झाल्यावाचून ती पुढेही उपलब्ध झाली नसती. या वादात दोन्ही बाजूंना वजन आहे, असे आम्ही मानतो. मात्र एक गोष्ट वादातीत आहे. ज्यांच्या आयुष्याच्या मोलाने हे ज्ञान मिळाले, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत ते पोहोचले नाही, तर तो त्या स्त्रियांवर दुसऱ्यांदा अन्याय होईल. ते पोहोचविणे हे शासनाचे काम आहे, तसेच ते आपल्यासारख्या संस्थांचेही आहे.

लसीची कथाही अशीच बोधप्रद आहे. एचपीव्ही लसीच्या दोन की तीन मात्रा द्याव्यात, याचा शोध घेण्यासाठी भारतात नऊ केंद्रांवर अभ्यास सुरू झाला होता. बार्शी आणि पुणे ही त्यांपैकी होत. २०१० साली अन्य कारणांमुळे देशातील अशा लसीकरण-चाचण्या थांबविल्या गेल्या आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी या मुलींची साथ सोडली नाही. १७ हजारांहून अधिक मुलींच्या या अभ्यासाचे जे निष्कर्ष २०२१ साली आले, त्यांत एका मात्रेने मिळणारे संरक्षणही दोन-तीन मात्रांच्या तोडीचे आणि दहा वर्षे टिकणारे आढळले. २०२२ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागील पुराव्यात या अभ्यासाचाही वाटा आहे. त्याच वर्षी पुण्यात तयार झालेली स्वदेशी लसही पुढे आली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ही लस देणे सर्वाधिक फलदायी ठरते. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे योग्य वयात तपासणी करून घ्यावयाचीच आहे, हे मात्र विसरू नये.

उपचार : अधिक म्हणजे उत्तम नव्हे

निदानानंतर उपचारांकडे वळू. येथे संशोधनाने दोन प्रकारचे धडे दिले : काय करावे आणि काय करू नये.

तोंडाच्या कर्करोगात मानेत गाठ हाताला लागत नसेल, तर मानेची शस्त्रक्रिया लगेच करावी, की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा वाद शल्यविशारदांत अनेक दशके चालू होता. टाटा स्मारक रुग्णालयातील अभ्यासाने २०१५ साली तो बऱ्याच अंशी मिटविला. पहिल्या ५०० रुग्णांच्या निष्कर्षांत, मानेची शस्त्रक्रिया सोबतच केलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. यासाठी ना नवे औषध लागले, ना नवे यंत्र. निर्णयाची वेळ तेवढी बदलली. आज एखाद्या रुग्णाला आम्ही ‘मानेचेही ऑपरेशन आत्ताच करावे लागेल’ असे सांगतो, तेव्हा नातेवाइकांना ते जादा वाटते. त्या जादा वाटणाऱ्या शब्दांमागे हा पुरावा उभा असतो.

याउलट दुसरे उदाहरण. स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेला असताना मूळ गाठ काढल्यास आयुष्य वाढेल, असा समज होता. ३५० स्त्रियांच्या अभ्यासाने, त्याच २०१५ साली, अशा शस्त्रक्रियेने एकूण आयुर्मानात वाढ होत नसल्याचे दाखविले. तसेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या काही अवस्थांत आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करणे चांगले, की किरणोपचार आणि केमोथेरपी एकत्र देणे चांगले, हा प्रश्न होता. ६३५ स्त्रियांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१८ साली आला. पाच वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण पहिल्या मार्गात ६९.३ टक्के आणि दुसऱ्यात ७६.७ टक्के होते. ‘ऑपरेशन केले नाही म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले’ असे जे समजले जाते, ते किती चुकीचे आहे, हे यावरून दिसेल. निरुपयोगी शस्त्रक्रिया टळणे म्हणजे रुग्णाच्या वेदना टळणे, आणि घरातील दागिना वा जमिनीचा तुकडा वाचणे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर आपल्यासारख्या रुग्णालयाने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. अकरा केंद्रांवरील सुमारे १६०० स्त्रियांपैकी निम्म्यांना, स्तनाची गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे, गाठीभोवती लिग्नोकेन हे बधिरता आणणारे औषध टोचण्यात आले. दात काढताना वापरतात तेच हे स्वस्त औषध. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के, तर न दिलेल्या गटात ८६.४ टक्के आढळले. शस्त्रक्रियेच्या क्षणी गाठीतील पेशींना मिळणारी चिथावणी या औषधाने रोखली जात असावी, असा तर्क आहे. अशा निष्कर्षाची अन्य केंद्रांवरही पडताळणी व्हायला हवी, हे खरेच. तथापि काही रुपयांच्या औषधातून असा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर दहा-दहा वर्षे चिकाटीने शोधता येते, ही बाब अभिमानाची आहे.

महागड्या औषधांविषयी नातेवाईक आम्हांला नेहमी विचारतात. ‘इम्युनोथेरपी घेतली तर?’ असा प्रश्न करताना त्यांच्या चेहऱ्यावर आशा असते, आणि मागे कर्जाची चिंताही. ही औषधे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढण्यास मोकळीक देतात. पण पूर्ण मात्रेचा खर्च आपल्याकडील अत्यल्प रुग्णांनाच पेलतो. टाटा स्मारक रुग्णालयातील वैद्यांनी निवोलुमॅब हे औषध नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी अवघे २० मिलिग्रॅम, तेही तीन आठवड्यांतून एकदा, देऊन पाहिले. डोके आणि मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरील हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. केवळ गोळ्यांच्या उपचारावर असलेल्यांपैकी वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते. त्या गोळ्यांना या अल्प मात्रेची जोड मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. ही तुलना पूर्ण मात्रेशी नव्हती, हे आम्ही आवर्जून सांगतो. पण ज्याला पूर्ण मात्रा कधीच मिळणार नव्हती, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

याच वाटेवरची आणखी दोन पावले सांगतो. बळावलेल्या तोंड-घशाच्या कर्करोगात मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या घरी घेणाऱ्या रुग्णांचे आयुर्मान, शिरेतून सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांपेक्षा थोडे अधिकच भरले, असे ४२२ रुग्णांच्या अभ्यासाने २०२० साली दाखविले. केमोथेरपीची उलटी थांबविण्यासाठी ओलान्झापिनची १० मिलिग्रॅम मात्रा प्रचलित होती; २०२४ च्या अभ्यासात २.५ मिलिग्रॅमनेही तेवढाच गुण आला आणि दिवसभराची गुंगी कमी झाली. ज्या मजुराला उपचारानंतर दुसऱ्या दिवशी उठून बसायचे आहे, त्याला ही गुंगी कमी होण्याचे मोल विचारावे.

अत्याधुनिक उपचारांतही आपला देश मागे राहिलेला नाही. रुग्णाच्याच रक्तातील पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोगाची ओळख पटवून पुन्हा शरीरात सोडण्याच्या ‘कार-टी’ उपचाराची स्वदेशी पद्धत मुंबईच्या आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्रातील शास्त्रज्ञांनी विकसित केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला शासकीय मान्यता मिळाली. काही विशिष्ट रक्तकर्करोगांपुरताच हा उपचार असून परदेशाच्या तुलनेत तो पुष्कळ स्वस्त आहे. तरीही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच आहे, हे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

भाकीत : आकडा आणि माणूस

‘डॉक्टर, किती दिवस?’ हा प्रश्न आम्हांला दाराशी, जिन्यात, दूरध्वनीवर, सर्वत्र विचारला जातो. संशोधनाने याबाबत जे शिकविले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आकडे गटाविषयी बोलतात, एका माणसाविषयी नव्हे. ‘सरासरी आठ महिने’ असे जे सांगितले जाते, तो बहुधा मध्यक असतो : निम्मे रुग्ण त्याआधी जातात, आणि उरलेले निम्मे त्याहून अधिक, काही तर पुष्कळ अधिक जगतात. अमेरिकेतील जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गोल्ड यांना १९८२ साली पोटातील एका दुर्मीळ कर्करोगाचे निदान झाले. त्या रोगाचा मध्यक आठ महिन्यांचा होता. आकड्यांचा हा अर्थ त्यांनी पुढे एका प्रसिद्ध निबंधात उलगडून सांगितला, आणि ते त्यानंतर वीस वर्षे जगले. प्रत्येकाच्या बाबतीत असे घडेल, असे आम्ही म्हणत नाही. पण मध्यक म्हणजे शिक्षेची तारीख नव्हे, एवढे निश्चित.

शिवाय एकाच अवस्थेतील दोन रुग्णांचे भवितव्य सारखे नसते. स्तनाच्या गाठीत संप्रेरकांना प्रतिसाद देणारे ग्राहक आहेत की नाहीत, हर-टू हे प्रथिन अधिक आहे काय, फुप्फुसाच्या गाठीत विशिष्ट जनुकीय बदल आहे काय, यांवर उपचार आणि भाकीत दोन्ही अवलंबून असतात. म्हणूनच तुकड्याच्या अहवालासोबत आणखी तपासण्या सांगितल्या, तर तो निष्कारण खर्च समजू नये.

तिसरी गोष्ट देणगीदारांनी विशेष ऐकावी. रुग्णाचे भवितव्य केवळ गाठीच्या स्वभावावर ठरत नाही. उपचार पूर्ण होतात की नाही, यावरही ठरते. प्रगत देशांत कर्करोग झालेल्या दहा मुलांपैकी आठांहून अधिक मुले बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण फार कमी राहण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे उपचार अर्धवट सुटणे. औषध तेच असते. पण बापाची मजुरी बुडते, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणी नसते, शहरात पाठ टेकायला जागा नसते. ज्या केंद्रांनी निवास, भोजन, प्रवासखर्च आणि समुपदेशन यांची व्यवस्था केली, तेथे मुले उपचार सोडून जाण्याचे प्रमाण घटले. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षे कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देत आली आहे. तिची भाकरी हाही कर्करोगावरील उपचाराचाच भाग आहे, असे आता संशोधनच सांगते.

आणि जेथे रोग बरा होणार नाही, तेथे? बोस्टन येथे फुप्फुसाच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, निदानापासूनच वेदनाशामक परिचर्या सुरू झालेल्या रुग्णांचे दिवस अधिक सुखाचे तर गेलेच. शिवाय २०१० च्या त्या निष्कर्षांनुसार त्यांचे आयुर्मान ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने भरले, तेही शेवटी कमी आक्रमक उपचार घेऊन. म्हणजे ‘आता फक्त वेदना कमी करू’ हे वाक्य हार मानल्याचे नाही. मुंबईत १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झाले, तेव्हा देशात अशी दुसरी संस्था नव्हती. मॉर्फिन मिळण्यातील कायद्याचे अडथळे २०१४ च्या दुरुस्तीने बरेच कमी झाले आहेत. असह्य वेदना सोसत मरण येणे, हे आता नशिबाचे नव्हे, व्यवस्थेचे अपयश मानले पाहिजे.

नातेवाइकांना एक नम्र विनंती. ‘त्यांना काही सांगू नका’ असे आपण प्रेमापोटी म्हणता, हे आम्ही जाणतो. परंतु रुग्णाला बहुधा सारे कळलेलेच असते. त्याला फक्त बोलायला कोणी उरत नाही. त्याला किती ऐकायचे आहे, हे त्यालाच विचारून, त्याला पेलेल तेवढे आणि तेवढ्याच सौम्यपणे सांगू या. कोणाला मुलीचे लग्न मार्गी लावायचे असते, कोणाला सातबाऱ्यावरची नावे नीट करायची असतात, कोणाला एकदा पंढरीला जाऊन यायचे असते. सत्य दडविले, तर ही वेळ त्यांच्या हातून निसटते.

आपल्यासमोरील काम

या साऱ्या हिशेबाचे तात्पर्य काय? मोठी यंत्रे हवीतच. किरणोपचाराचे यंत्र नसेल, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा उपचारच अपुरा राहील. पण यंत्र दिसते, त्यावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. गावोगाव जाऊन दर दोन वर्षांनी त्याच घराची कडी वाजविणाऱ्या सेविकेच्या मानधनावर, किंवा रुग्णाच्या एस.टी.च्या तिकिटावर पाटी लावता येत नाही. संशोधनाने मात्र निःसंदिग्धपणे दाखविले आहे, की जीव वाचतात ते पुष्कळदा याच ठिकाणी.

म्हणून येत्या वर्षासाठी आम्ही विश्वस्त मंडळापुढे चार गोष्टी ठेवतो. पहिली, तपासणी शिबिरे एकदाच न भरविता ठरावीक गावांत, ठरावीक काळाने, त्याच सेविकांकरवी पुन्हा पुन्हा व्हावीत आणि प्रत्येक स्त्रीची नोंद राहावी. दुसरी, उपचार सुरू झालेल्या प्रत्येक रुग्णाचा मागोवा ठेवणारी एक व्यक्ती नेमली जावी. ठरलेल्या तारखेला तो आला नाही, तर का आला नाही, हे त्याच आठवड्यात कळावे. तिसरी, निर्धन रुग्णांच्या निधीतून औषधांबरोबरच प्रवास, निवास आणि भोजन यांचाही खर्च व्हावा. चौथी, वेदनाशामक परिचर्येचा कक्ष रुग्णालयाच्या टोकाला न राहता पहिल्या भेटीपासूनच रुग्णासोबत असावा. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांतून उपचाराचा मोठा भार हलका होतो. जेथे योजना संपते, तेथून दात्यांचा हात सुरू व्हावा, अशी आमची प्रार्थना आहे.

रुग्णांनाही एक शब्द. एखाद्या मान्यताप्राप्त केंद्रात आपल्याला अशा अभ्यासात सहभागी होण्याविषयी विचारले गेले, तर घाबरून जाऊ नये. सर्व माहिती आपल्या भाषेत मागावी, घरी चर्चा करावी, शंका विचाराव्यात. नकार देण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि नकार दिला म्हणून नेहमीच्या उपचारांत उणेपणा येता कामा नये. आज आम्ही जे जे सांगितले, ते कोणा अनामिक रुग्णाने ‘हो’ म्हटल्यामुळेच सांगता आले.

आपल्या औदार्याने या रुग्णालयाच्या भिंती उभ्या राहिल्या. या भिंतींबाहेर, गाठ लपवून स्वयंपाक करीत असलेल्या त्या माउलीपर्यंत आता आपण सर्वांनी मिळून पोहोचायचे आहे. ती अजून आपल्या दारी आलेली नाही. तिच्याकडे अजून वेळ आहे. तो वेळ वाया जाऊ नये, एवढेच मागणे आपणापुढे मांडून आम्ही आमचे निवेदन संपवितो.